कोणाचीच नसलेली भूमी की सर्वांची भूमी?
चंद्रावरील ऐतिहासिक स्थळांचे रक्षण आणि भारताची जबाबदारी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी 'चांद्रयान-३' मोहिमेचे 'विक्रम' हे यान चंद्रभूमीवर अलगद उतरले. त्या सायंकाळी मुंबई-पुण्यापासून आमच्या अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत सर्वत्र लोक दूरचित्रवाणी संचासमोर श्वास रोखून बसले होते. तीन दिवसांनी पंतप्रधानांनी त्या अवतरणस्थळास 'शिवशक्ती' असे नाव जाहीर केले आणि १९ मार्च २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्या नावास रीतसर मान्यता दिली. चंद्राच्या नकाशावर भारताने निवडलेले एक नाव कायमचे लिहिले गेले. ही अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही.

परंतु नाव मिळाले म्हणजे संरक्षण मिळाले काय? उद्या एखाद्या खाजगी कंपनीचे यान 'शिवशक्ती' स्थळापासून शंभर मीटरवर उतरले आणि त्याच्या झोताने 'प्रज्ञान' बग्गीच्या चाकांचे ठसे पुसले गेले, तर तिला 'हे तू का केलेस?' असे विचारण्याचा स्पष्ट कायदेशीर आधार आज आपल्यापाशी आहे काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'जवळजवळ नाही' असेच द्यावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

दगडाचा धनी कोण?

वाचकांपैकी काही जण म्हणतील, कपाशी-सोयाबीनच्या भावाची आणि उन्हाळ्यातील पाण्याची काळजी उशाशी असताना चंद्राची चिंता वाहण्याचे आम्हांस काय कारण? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आम्ही चंद्रावरून गावाकडे न येता गावाकडून चंद्राकडे जाऊ इच्छितो.

नांदगाव खंडेश्वर या गावाच्या नावातच तेथील खंडेश्वराच्या पुरातन हेमाडपंती देवस्थानाचे नाव गुंफलेले आहे. अशा दगडी मंदिरांचे अवशेष वऱ्हाडात ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. त्यांतील एखादा कोरीव दगड कोणाच्या घराच्या ओट्याला, कोणाच्या विहिरीच्या काठाला, तर कोणाच्या शेताच्या बांधाला लागलेला आपण पाहतो. तो दगड उचलणारा मनुष्य दुष्ट होता असे नव्हे. त्याला दगड हवा होता आणि त्या दगडाचा धनी कोणी दिसत नव्हता, एवढेच. वारसा बहुधा असाच नष्ट होतो. तो द्वेषाने मोडला जातो त्यापेक्षा गरजेने, घाईने आणि 'हे कोणाचेच नाही' या समजुतीने अधिक झिजतो.

गावच्या गायरानाची कथाही निराळी नाही. आमच्याकडे ज्यास 'ई-क्लास' जमीन म्हणतात ती कोणाच्या नावावर नसते, कारण ती सर्व गावाची असते. पण 'सर्वांची' या शब्दाचा अर्थ हळूहळू 'कोणाचीच नाही' असा होतो आणि मग जो आधी पोहोचला त्याचे कुंपण उभे राहते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयास गावोगावच्या अशा सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याबाबत सर्व राज्यांना निर्देश द्यावे लागले, ते याच कारणास्तव. चंद्राचा प्रश्न मुळात हाच आहे. केवळ गायरान मोठे आहे आणि तेथे तलाठी नाही.

चंद्रावर काय आहे?

चंद्रावर मानवाच्या हाताने पोहोचलेली वस्तू प्रथम आदळली ती सप्टेंबर १९५९ मध्ये, सोव्हिएत संघाच्या 'लूना-२' यानाच्या रूपाने. त्यानंतर २० जुलै १९६९ रोजी 'अपोलो-११' उतरले. १९७२ अखेरपर्यंत सहा अपोलो मोहिमांतून बारा मनुष्य चंद्रावर चालले. ऑक्टोबर १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यावर असताना पहिल्या मोहिमेचे तिघेही अंतराळवीर मुंबईस आले होते; त्यांना पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीची आठवण जुनी मंडळी अद्याप सांगतात.

'अपोलो-११'च्या स्थळी यानाचा खालचा भाग, उपकरणे व पावलांचे ठसे यांखेरीज एक लहानशी सिलिकॉनची चकती आहे. आकाराने ती जुन्या चांदीच्या रुपयाहून जरा मोठी असेल. तीवर ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश अतिसूक्ष्म अक्षरांत कोरलेले आहेत. त्यांत भारताच्या तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा संदेश आहे आणि पोप सहावे पॉल यांचाही आहे. पोप महोदयांनी आपल्या संदेशासाठी स्तोत्रसंहितेतील आठव्या स्तोत्राची निवड केली होती. अवतरणाच्या रात्री ते कॅस्टेल गँडोल्फो येथील व्हॅटिकन वेधशाळेत होते. म्हणजे चंद्रावरील ते स्थळ अमेरिकेच्या यानाने घडविले असले, तरी तेथे ठेवलेला शब्द आपला सर्वांचा आहे.

भारताची स्वतःची स्थळे तीन आहेत. १४ नोव्हेंबर २००८ रोजी 'चांद्रयान-१'पासून सुटलेली, तिरंगा रंगविलेली एक पेटी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, शॅकल्टन विवरानजीक आदळली. त्या जागेस 'जवाहर स्थळ' म्हणतात. सप्टेंबर २०१९ मध्ये 'चांद्रयान-२'चे विक्रम यान जेथे कोसळले ती जागा 'तिरंगा' या नावाने ओळखली जाते. तिसरी 'शिवशक्ती'. यशाचे स्थळ जसे जपावे तसे अपयशाचेही जपावे. दुसऱ्या प्रयत्नातील चूक उमगली नसती तर तिसरा प्रयत्न सफल झाला नसता.

ही स्थळे मृत नाहीत, हेही ध्यानी घेतले पाहिजे. अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या परावर्तक आरशांवर पृथ्वीवरून लेझर किरण सोडून आजही चंद्राचे अंतर मोजले जाते. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे, हे आपणांस त्यामुळेच ठाऊक झाले. विक्रम यानावरही असा एक छोटा परावर्तक बसविलेला आहे आणि १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने सोडलेला किरण त्यावरून परतला. यानाची बाकी यंत्रे मौन झाली असली तरी तो आरसा काम करतो. त्यावर धूळ बसली तर मात्र ते कामही मंदावेल.

धूळ हीच खरी शत्रू

चंद्रावर हवा नाही, म्हणून वारा-पाऊस नाही. पावलाचा ठसा तेथे लक्षावधी वर्षे टिकू शकतो. पण हवा नाही म्हणूनच उडालेल्या धुळीस अडविणारेही काही नाही. पृथ्वीवर गाडीमागे उठलेला धुरळा थोड्या अंतरावर खाली बसतो. चंद्रावर यानाच्या झोताने उडालेला कण बंदुकीच्या छऱ्यासारखा सरळ व वेगाने दूरवर जातो.

याचा पुरावा नोव्हेंबर १९६९ इतका जुना आहे. 'अपोलो-१२' यान मुद्दाम १९६७ साली उतरलेल्या 'सर्व्हेयर-३' या मानवरहित यानाजवळ, सुमारे १६० मीटर अंतरावर उतरविण्यात आले. अंतराळवीरांनी त्या जुन्या यानाचा कॅमेरा व काही भाग काढून पृथ्वीवर आणले. तपासणीत दिसून आले की, नव्या यानाकडील बाजूस वाळूचा मारा केल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. एका भेटीने, सद्हेतूने केलेल्या भेटीने, एवढे केले.

आपल्या विक्रम यानाचेच उदाहरण घ्या. ते उतरताना सुमारे २.०६ टन चांद्रमाती विस्थापित झाली आणि १०८.४ चौरस मीटर क्षेत्रावर पसरली, असे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी छायाचित्रांच्या तुलनेवरून काढले. विक्रम हे तुलनेने लहान यान होते. माणसे व अवजड सामान नेणारी याने याहून कितीतरी मोठी असणार आहेत.

गर्दी कशी वाढली

२००७ साली गुगलच्या अर्थसाहाय्याने खाजगी चांद्रयानांसाठी तीन कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर झाली. जुन्या अपोलो स्थळाचे जवळून चित्रण करणाऱ्यास तीत वेगळे पारितोषिक होते. इतिहासकारांना चिंता वाटू लागली ती येथून. बंगळुरूचा 'टीम इंडस' हा भारतीय संघही अंतिम पाचांत होता. मार्च २०१८ पर्यंत कोणीच चंद्रावर पोहोचले नाही व स्पर्धा विजेत्याविना संपली. परंतु दार उघडले ते पुन्हा मिटले नाही.

एप्रिल २०१९ मध्ये इस्रायलचे खाजगी 'बेरेशीट' यान चंद्रावर कोसळले; त्यात जलअस्वल नावाचे सूक्ष्म जीव असल्याचे नंतर उघड झाले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीच्या 'पेरेग्रिन' यानातून मृतांच्या अस्थी चंद्रावर धाडण्याचा घाट घातला गेला. चंद्रास पवित्र मानणाऱ्या नवाहो या मूलनिवासी राष्ट्राच्या अध्यक्षांनी त्यास जाहीर हरकत घेतली. यान चंद्रापर्यंत पोहोचलेच नाही, पण प्रश्न मागे उरला. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीस 'ओडिसियस' हे खाजगी यान प्रथमच चंद्रावर उतरू शकले. २ मार्च २०२५ रोजी 'ब्लू घोस्ट' नीट उतरले, तर अवघ्या चार दिवसांनी 'अथेना' दक्षिण ध्रुवापासून सुमारे १६० किलोमीटरवर एका खड्ड्यात कलंडले.

हा शेवटचा तपशील आम्हांस महत्त्वाचा वाटतो. सर्वांची धाव दक्षिण ध्रुवाकडे आहे, कारण तेथील अंधाऱ्या विवरांत पाण्याचा बर्फ असल्याचा अंदाज आहे. आणि भारताचे पहिले चांद्रस्थळ, 'जवाहर स्थळ', नेमके त्याच परिसरात आहे. ज्या मोहिमेने चंद्रावरील पाण्याची बातमी जगास दिली, तिचे अवशेष त्या पाण्यासाठी चाललेल्या धावपळीत सर्वप्रथम तुडविले जाण्याचा संभव आहे.

कायदा काय सांगतो?

१९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्रास मालकी सांगता येत नाही. मात्र तेथे ठेवलेली वस्तू ज्या देशाची त्याच देशाची राहते. खाजगी कंपनीने केलेल्या कृतीची जबाबदारीही तिच्या देशावर असते. म्हणजे विक्रम यान भारताचे आहे. ते ज्या मातीवर उभे आहे ती माती भारताची नाही. आणि प्रज्ञानच्या चाकांचा ठसा तर वस्तूही नव्हे, निव्वळ मातीतील आकार. त्यास कराराचे कोणते कलम लागू करावे? इतरांच्या कार्यात अपायकारक अडथळा होणार असेल तर आधी सल्लामसलत करावी, असे करार म्हणतो. पण बंद पडलेले यान हे 'कार्य' मानावे काय, यावर वकील वाद घालू शकतात.

अमेरिकेने जुलै २०११ मध्ये आपल्या स्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 'अपोलो-११' भोवती ७५ मीटर व 'अपोलो-१७' भोवती २२५ मीटर परिघात कोणी जाऊ नये आणि याने दोन किलोमीटर दूर उतरावीत, असे त्यांत म्हटले आहे. डिसेंबर २०२० च्या कायद्याने या सूचना नासाबरोबर काम करणाऱ्यांसाठी बंधनकारक करण्याची तरतूद झाली. जे नासाबरोबर काम करीत नाहीत, त्यांना ती लागू नाही. त्याच वर्षीच्या 'आर्टेमिस' सहमतीपत्रात अंतराळातील वारसा जपण्याचे वचन आहे. भारताने त्यावर २१ जून २०२३ रोजी स्वाक्षरी केली व ५० हून अधिक देश त्यात आहेत. तथापि हे सहमतीपत्र कायदेशीर बंधन नव्हे, आणि चीन व रशिया त्यात नाहीत.

युनेस्कोची जागतिक वारसा यादी येथे उपयोगी पडत नाही, कारण त्या यादीत स्थळ सुचविण्यासाठी ते सुचविणाऱ्या देशाच्या भूमीवर असावे लागते. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये धोक्यातील वारसास्थळांच्या आपल्या यादीत चंद्राचा समावेश केला. ती हाक महत्त्वाची आहे, परंतु हाक म्हणजे पहारा नव्हे.

आपल्या देशात केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई व त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण, असा नियम २०१० च्या दुरुस्तीने घालण्यात आला. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पाहा. चंद्रावरील विवरांशी साम्य असलेले, बेसाल्ट खडकातील हे आघातविवर जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. ते २००० साली अभयारण्य झाले व २०२० साली रामसर यादीत आले; उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्याच्या जतनात लक्ष घातले. कायदा, वनखाते, पुरातत्त्व विभाग आणि न्यायालय एवढे सगळे असूनही तेथील जतन सोपे गेलेले नाही. चंद्रावर तर यांपैकी एकही नाही.

रक्षणाच्या नावाखाली ताबा?

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आज ७५ मीटरचे वर्तुळ आखणारा उद्या 'आमच्या ऐतिहासिक यानाच्या रक्षणार्थ' बर्फाचे अख्खे विवर अडवून बसणार नाही कशावरून? देवळाच्या नावाने गायरान बळकावल्याची उदाहरणे पृथ्वीवर दुर्मीळ नाहीत. श्रीमंत देश आधी पोहोचले, म्हणून चांगल्या जागा वारसा ठरवून त्यांनीच अडवाव्यात, हे आम्हांस मान्य नाही. सृष्टीची संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे, आणि ती चंद्रापाशी येऊन थांबत नाही.

पण यावर उपाय संरक्षण टाळणे हा नसून ते एकाने न ठरविता सर्वांनी मिळून ठरविणे हा आहे. याचा नमुना जगासमोर आहे आणि त्यात भारताचाही वाटा आहे. अंटार्क्टिका खंडावरील राष्ट्रांचे मालकी हक्काचे दावे १९५९ च्या कराराने गोठविले गेले. तरीही करारातील देशांनी तेथील ऐतिहासिक स्थळांची एक सामाईक यादी केली आहे. त्या यादीतील क्रमांक ४४ म्हणजे दक्षिण गंगोत्री येथील फलक होय. ९ जानेवारी १९८२ रोजी त्या परिसरात उतरलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेतील सदस्यांची नावे त्यावर आहेत. यादीतील स्थळास इजा करणे, ते हलविणे वा नष्ट करणे १९९१ च्या माद्रिद मसुद्याने निषिद्ध ठरविले. भारत त्या बर्फाचा मालक नाही, तरी भारताची आठवण तेथे सुरक्षित आहे. मालकीवाचून राखण करता येते, हे यावरून सिद्ध होते.

भारताने काय करावे?

आमच्या मते तीन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, आपल्या तिन्ही चांद्रस्थळांची अचूक स्थाननिश्चिती, तेथील वस्तूंची नोंद आणि किती अंतर राखावे याची शास्त्रीय शिफारस भारताने स्वतः प्रसिद्ध करावी. दुसरी, २०२० पासून आपण अंतराळक्षेत्र खाजगी उद्योगांस खुले केले आहे. तेव्हा 'इन-स्पेस'कडून चांद्रमोहिमेस परवानगी देताना इतर देशांची स्थळे जपण्याची अट घालावी. जो स्वतःच्या माणसांना आवरत नाही, त्याने शेजाऱ्यास नियम शिकविण्यात अर्थ नसतो. तिसरी, संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अंतराळ समितीत अंटार्क्टिकासारख्या सामाईक यादीचा प्रस्ताव भारताने मांडावा. त्यात अमेरिकेची, रशियाची, चीनची व जपानची स्थळे समान निकषावर असावीत, वर्तुळे लहान व कारणासहित असावीत, आणि संशोधकांना रीतसर परवानगीने जवळ जाण्याची मुभा असावी. १९७९ च्या चंद्र करारावर भारताने १९८२ साली स्वाक्षरी केली, पण त्यास अंतिम मान्यता दिली नाही. आर्टेमिसवर मात्र स्वाक्षरी केली. दोन्ही बाजूंशी बोलू शकणारे देश फार थोडे आहेत. ही आपली अडचण नसून संधी आहे.

हे काम आजच करावयास हवे, कारण आज कोणाचे फारसे काही अडत नाही. एकदा एखाद्या कंपनीने विवराच्या काठावर पैसा ओतला, म्हणजे नियम करणे म्हणजे कोणाचे तरी नुकसान करणे ठरेल. अतिक्रमण होण्यापूर्वी खुणेचा दगड रोवणे सोपे असते. झाल्यानंतर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे आपल्या गावांना सांगावयास नको.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीस आपले सामाईक घर म्हटले. घर सामाईक असेल तर अंगणही सामाईकच. त्या अंगणात ठेवलेल्या चकतीवर आपल्या देशाचा व आपल्या धर्मसभेचाही शब्द कोरलेला आहे. पुढच्या पिढीतील नांदगाव खंडेश्वरचे एखादे मूल कधी काळी तेथे पोहोचेल. त्याला तेथे प्रज्ञानच्या चाकांची रेघ जशीच्या तशी दिसावी की नुसती उडालेली माती दिसावी, हे ठरविण्याची वेळ आपली आहे. ज्याचा धनी कोणी नाही त्याचे राखणदार सर्वांनी व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.

— संपादक